बार्डॉक एस टियर, मान्य, पण कितव्या नंबरवर?

काल परत एकाने ड्रॅगन बॉल फायटर्झची, म्हणजे ड्रॅगन बॉल अॅनिमेवरच्या त्या मारामारीच्या व्हिडिओ गेमची, टियर लिस्ट पाठवली, कोण किती भारी याची क्रमवारी. रंगीत पट्ट्यांची असते ना तीच, वर लाल पट्टीत एस, मग ए, मग बी, आणि तळाला ज्यांना कुणी विचारत नाही ते. सोबत एकच ओळ, "बघ तुझा यामचा कुठंय." यामचा, म्हणजे त्यातला माझा लाडका कॅरेक्टर, खालून दुसऱ्या पट्टीत. राग यामचासाठी नाही आला (बरं, थोडा आला), राग आला त्या पट्ट्यांचाच, कारण तीन जणांची टीम घेऊन खेळायच्या गेममध्ये एकेकट्याला मार्क देऊन नेमकं काय कळतं हे मला आजतागायत समजलेलं नाही. म्हणून आज माझी यादी टाकतोय, जरा वेगळ्या पद्धतीने, आणि लांबड लागणारे हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी पटकन. 2018 च्या जानेवारीत आलेला गेम, आर्क सिस्टिम वर्क्सने बनवलेला, तीन विरुद्ध तीन. एक जण स्क्रीनवर लढतो, बाकीचे दोघं बाहेर उभे, बटण दाबलं की एक जण उडत येतो, एक फटका किंवा बीम (ऊर्जेचा झोत) मारतो आणि परत जातो, तो असिस्ट. सुरुवातीला 24 कॅरेक्टर होते, डीएलसी, म्हणजे नंतर जोडलेले जादा कॅरेक्टर, येत येत 44 झाले. आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हेल्थ सगळ्यांची सारखी, 10,000. म्हणजे गोकू ब्लू असो नाहीतर क्रिलिन, मरायला दोघांना तेवढाच मार लागतो. अॅनिमेत कोण किती ताकदवान याच्यावरून भांडणाऱ्यांची इथे पहिल्याच मिनिटाला पंचाईत होते.

मग फरक कशात आहे? माझ्या मते निम्मा फरक कॅरेक्टरमध्ये आणि निम्मा तो कितव्या नंबरवर बसवलाय त्यात. पहिला म्हणजे पॉइंट, मधला मिड, शेवटचा अँकर. क्रिकेटमध्ये ओपनरला सातव्या नंबरवर पाठवून "हा रन काढत नाही" म्हणणं जसं येडेपणाचं, तसंच हे.

मी स्वतः हा येडेपणा भरपूर केलाय. सुरुवातीला कुणाच्या तरी लिस्टमधले वरचे तीन उचलले आणि सरळ त्याच क्रमाने बसवले, कारण लिस्टमध्ये तसे लिहिले होते. तिघंही एस, आणि मी रोज हरतोय. तिघंही समोरच्याच्या अंगावर धावून जाणारे, तिघांनाही मागून कुणीतरी बीम मारून झाकायला हवं, आणि बीम मारणारा टीममध्ये कुणीच नाही. पहिला एकटाच पुढे जायचा, ब्लॉक व्हायचा, आणि फटका संपल्यावर जो क्षणभर मोकळा राहतो ना, त्यात मार खायचा. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही, मी तीन खुपसून घेतल्या होत्या.

आता पॉइंटवर कोण. बार्डॉक, यात वाद नाही. 2018 च्या मार्चमध्ये ब्रोलीसोबत आला आणि तेव्हापासून लोक त्याची ती टायरंट लान्सरची धडक शिव्या देत देत खातायत. पण बार्डॉक चांगला का, तर तो समोर असताना मागचे दोन्ही असिस्ट जिवंत असतात, आणि त्याच्या सततच्या माऱ्याला असिस्टची जोड दिली की समोरच्याला हलायला जागाच राहत नाही. छोटा गोहान, म्हणजे अॅनिमेत सेलशी लढणारा, तो पण पॉइंटलाच खुलतो. जवळ जाऊन चिकटला की सुटत नाही, पण जवळ जाण्यासाठी त्याला कुणाचा तरी हात लागतो. किड बू माझ्याकडून खेळला जात नाही पण समोर आला की मला खेळता येत नाही, यावरून काय ते समजा, हात लांबतात कुठून, पाय येतो कुठून. हे तिघं पॉइंटला माझ्याकडून एस. यातल्या गोहानला शेवटी एकटा ठेवून बघा, त्याच पोराला तुम्ही बी द्याल.

मिडबद्दल कुणी लिहीत नाही आणि खरी मजा तिथेच आहे. मधल्याचं काम म्हणजे असिस्ट देणं आणि पहिला मेला की गोंधळ न घालता येऊन उभं राहणं. सुरुवातीच्या काळात सुपर सायान व्हेजिटा बघा, किती टीममध्ये असायचा, आणि त्याला स्क्रीनवर खेळवायला कितीजणांना खरंच आवडायचं? तो टीममध्ये होता त्या असिस्टसाठी. येऊन किच्या, म्हणजे अंगातल्या ऊर्जेच्या, गोळ्यांचा सडा घालायचा, समोरचा ब्लॉक करत बसायचा आणि तेवढ्या वेळात तुम्ही उडी मारा, खाली मारा, मागे जा, चहा घेऊन या. तेव्हा एका कॅरेक्टरला एकच असिस्ट होता म्हणून हे इतकं महत्त्वाचं. 2020 च्या फेब्रुवारीत केफ्ला आली तेव्हाच्या अपडेटमध्ये प्रत्येकाला ए, बी, सी असे तीन असिस्ट मिळाले आणि आधीच्या सगळ्या लिस्टा एका रात्रीत रद्दी झाल्या. कारण कॅरेक्टर तोच, हालचाली जवळपास त्याच, पण पाठीमागे उभा राहून तो काय देतो तेच बदललं. लिस्ट बनवणाऱ्यांनी नावं थोडी वरखाली केली आणि पुढे गेले. खरं तर तिथेच कळायला हवं होतं की आपण नेमकं काय मोजतोय.

मिडला माझ्याकडे गोकू ब्लॅक वर. टेलिपोर्ट आहे, बीमचा असिस्ट आहे, आणि पहिला मेल्यावर आत आला तर घाबरल्यासारखा उभा राहत नाही. सेल पण इथे चालतो, मोठे मोठे फटके आहेत, फक्त तो खेळणारा माणूस थोडा माजुरडा असतो असा माझा अनुभव. अँड्रॉइड 16 ला मी मिडलाच ठेवतो. जड आहे, पण जवळ आला आणि पकडलं की अर्धी हेल्थ गेली असं समजायचं. आणि त्याचा तो सेल्फ डिस्ट्रक्ट! लागला तर समोरचा मेलाच, आणि 16 च्या अंगात उरते 1 हेल्थ. एक. ज्याला तो फटका बसलाय त्याला हसू पण येत नाही आणि रडू पण. टियर लिस्टमध्ये या गोष्टीला कुठल्या पट्टीत टाकायचं सांगा मला.

आता अँकर. इथे हिशेब पूर्ण उलटा होतो. अँकर मॅचभर बाहेर उभा राहतो, फक्त असिस्ट देतो, आणि शेवटी येतो तेव्हा त्याच्यामागे कुणीही नसतं. पण मोबदल्यात दोन गोष्टी मिळतात. एक, स्पार्किंग, म्हणजे थोडा वेळ ताकद वाढवणारा मोड, जे अख्ख्या टीमला मॅचमध्ये एकदाच वापरता येतं आणि जितके साथीदार मेलेले तितकं जास्त वेळ टिकतं. दुसरी, तिसऱ्या सीझनपासून, एकटा उरला की लिमिट ब्रेकची ताकद, म्हणजे त्याचा मार वाढतो. त्यात तुम्ही कंजूषपणा केला असेल तर किचे सातही बार भरलेले. म्हणजे शेवटच्या नंबरवर असा माणूस हवा जो असिस्टशिवाय उपाशी मरत नाही, बार भराभर खर्च करू शकतो आणि एकदा पकडला की सोडत नाही. व्हेजिटो घ्या, फ्यूज्ड झमासू घ्या, तो तर हवेत तरंगत राहतो आणि स्पार्किंग चालू असताना त्याला खाली उतरवणं म्हणजे झाडावरच्या माकडाला हाक मारून बोलावणं. छोटा जीटी गोकू तर मला वाटतं कुठेही बसवा, पण शेवटी बसवला की समोरच्याचे हात गार पडतात.

आणि गिन्यू. कॅप्टन गिन्यूला लिस्टमध्ये वर कुणी ठेवत नाही, मीही ठेवत नव्हतो, पण एक मॅच सांगतो. मी पुढे होतो, माझा गोगेटा ब्लू जवळपास पूर्ण हेल्थवर, समोरच्याचा शेवटचा गिन्यू, हेल्थ इतकी कमी की बारमध्ये पिवळी रेघ दिसत होती बस. मी आरामात, खुर्चीत मागे रेललेलो. एक सुपर डॅश, म्हणजे समोरच्याच्या अंगावर थेट उडत जाणं, मारला की संपलं, म्हणून मारला. सुपर डॅशवर खाली दाबून हेवी (जोरदार फटका) मारायचा असतो हे पहिल्या दिवशी शिकवतात सगळ्यांना, आणि त्या भाऊने बरोब्बर तेच केलं. मी हवेत, तो कॉम्बोत, आणि कॉम्बोच्या शेवटी त्याने हात पसरले. बॉडी चेंज! स्क्रीन परत आली तेव्हा माझा गोगेटा त्याच्या हातात, आणि मी बसलोय गिन्यू घेऊन, त्या पिवळ्या रेघेसकट. मी गिन्यू आयुष्यात एकदाही खेळलेलो नव्हतो. कुठलं बटण दाबलं आठवत नाही, तीन सेकंदात मेलो. खुर्ची मात्र त्या दिवसापासून मागे रेलत नाही मी.

तर गिन्यू पॉइंटला सी, अँकरला... मी आता ए म्हणतो. बॉडी चेंजची किंमत तेव्हाच आहे जेव्हा तुमची हेल्थ गेलेली आहे आणि समोरच्याची शाबूत आहे. पहिल्या नंबरवर दोघंही ताजे, अदलाबदल करून काय मिळणार? सांगायचंय ते एवढंच, तोच माणूस, तीच हालचाल, नंबर बदलला की भाव बदलला.

हां, एक ठिकाणी माझी ही सगळी थिअरी तोंडावर आपटते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. लॅब कोटवाली अँड्रॉइड 21. 2022 च्या फेब्रुवारीत आली आणि तिला कुठेही बसवा, पहिली, मधली, शेवटची, ती सगळीकडे एस होती. त्या काळात ऑनलाइन गेलं की समोर 21, आपल्याकडे 21, कंटाळा येईपर्यंत 21. नंतरच्या पॅचमध्ये तिला नर्फ केलं, म्हणजे कमजोर केलं, तेव्हा कुठे बाकीच्यांना श्वास मिळाला. तर असे अपवाद असतात, पण 44 मध्ये एखादा.

काही जण मात्र कुठल्याच नंबरवर नीट बसत नाहीत आणि ते मला आवडतात. नप्पा सायबामन नावाचे छोटे राक्षस जमिनीत पेरतो आणि ते उगवेपर्यंत त्याला कुणीतरी सांभाळावं लागतं, म्हणजे शेती आणि मारामारी एकाच वेळी. हिटकडे किच्या गोळ्या नाहीतच, सगळं पवित्र्यावर आणि टायमिंगवर, ज्याला जमला तो देव, बाकीच्यांनी नाद करू नये. फ्रीझाचा सोनेरी अवतार मिळतो पण वेळ मोजून मिळतो, आणि मी दर वेळी तो चालू करून घाईघाईत दोन फटके हुकवतो. आणि ब्लू गोकू, माफ करा फॅन लोकहो, माझ्या टीममध्ये तो आजवर नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा असाच निघालाय, यात त्याचा दोष किती आणि माझा किती ते विचारू नका.

एकदा मी इव्होच्या, म्हणजे फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेच्या, दोन फायनल लागोपाठ बघितल्या. 2018 ला सोनिकफॉक्सने गो1 ला हरवलं, 2019 ला गो1 ने हिशेब चुकता केला. दुसऱ्यांदा बघताना ठरवून स्क्रीनवर लढणाऱ्याकडे बघितलंच नाही, फक्त असिस्ट कधी बोलावला ते बघितलं. डोळ्याला त्रास होतो पण करून बघा. असिस्ट बोलावला की तो परत कधी मिळेल याचं घड्याळ चालू होतं, आणि ते दोघं ते घड्याळ मनात धरून खेळतात. समोरच्याचा असिस्ट नुकताच गेलाय, मग आत्ता पुढे जा. आपला यायला वेळ आहे, मग थांब. मी आणि माझ्यासारखे लोक असिस्ट मोकळा दिसला की बटण दाबतो, गिरणीत पीठ पडतंय तसं.

शेवटी यामचा, कारण सुरुवात त्याच्यावरूनच झाली. अॅनिमेत एका सायबामनने त्याला खड्ड्यात झोपवलं आणि तेव्हापासून तो इंटरनेटचा विनोद झाला. गेममध्ये त्याचे लांडग्याचे फटके एकात एक गुंफत जातात, समोरच्याला कळत नाही की संपलं की अजून आहे, आणि जो मधेच हात बाहेर काढतो तो खातो. पॉइंटला मला तो कमी पडतो, आत जाईपर्यंतच त्याचा दम निघतो. पण बार्डॉकने वाट मोकळी केली, ब्लॅकच्या बीमने समोरच्याला कोपऱ्यात दाबलं, आणि तिथे मी यामचाला टॅग करून आत आणला की कोपऱ्यात तो काय काय करतो ते लाल पट्टीवाल्यांनी येऊन बघावं.

आता माझी टीम अशी, बार्डॉक पहिला, ब्लॅक मधला, यामचा शेवटी. 2024 च्या फेब्रुवारीत रोलबॅक, म्हणजे ऑनलाइन लॅग झाकणारी पद्धत, आल्यापासून ऑनलाइन खेळताना यामचाचे ते मधे थांबून परत मारायचे टायमिंग पण बसायला लागलेत, आधी लॅगमध्ये सगळं वाहून जायचं. फक्त एक अडचण आहे. एकटा उरला की यामचा स्पार्किंगमध्ये पण चाचपडतो, आणि त्याला मधे घेतला तर ब्लॅक शेवटी जातो आणि ब्लॅक एकटा मला जमत नाही. गेला आठवडाभर दोन्ही क्रम आलटून पालटून खेळतोय. ज्याने लिस्ट पाठवली त्यालाच आज रात्री बोलावलंय, पहिल्या पाच मॅच यामचा तिसरा, पुढच्या पाच दुसरा. जो क्रम जास्त जिंकेल तो पुढच्या पोस्टमध्ये सांगतो, दोन्ही हरलो तर पोस्ट येणार नाही.