पिणार की नाही पिणार? अमेरिकेतल्या पाचवीच्या वर्गातली एक कादंबरी

बालभारतीच्या पुस्तकात कादंबरीतला एखादा उतारा येतो, खाली शब्दार्थ आणि स्वाध्याय असतो, आणि मग पुढचा पाठ सुरू. इथे अमेरिकेत बऱ्याच शाळांत दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या हातात अख्खी कादंबरी देतात आणि चार-पाच आठवडे सगळा वर्ग तीच वाचतो. अभ्यासक्रम राज्यागणिक बदलतो, त्यामुळे सगळीकडे एकच पुस्तक नसतं. पण नॅटली बॅबिट यांची १९७५ सालची ‘टक एव्हरलास्टिंग’ ही छोटी अद्भुतकथा वर्षानुवर्षं शिकवली जाते. २०१० साली आलेल्या ‘कॉमन कोअर’ या सामायिक शालेय मानकांच्या परिशिष्टात चौथी-पाचवीसाठी नमुन्याची म्हणून जी पुस्तकं दिली आहेत, त्यांतही ती आहे. ती वर्गात कशी उलगडतात आणि कुठे गाडी अडते, हे तिकडच्या शिक्षकांना आणि वाचणारं मूल घरात असलेल्या पालकांना सांगावंसं वाटतं.

गोष्ट थोडक्यात अशी. ट्रीगॅप गावाशेजारच्या रानात एक झरा आहे. टक कुटुंब अजाणता त्याचं पाणी प्यायलं आणि त्यांचं वय तिथेच थांबलं. ८७ वर्षांनी दहा वर्षांच्या विनी फॉस्टरला हे गुपित कळतं. पिवळ्या सुटातला एक माणूस त्या पाण्याचा धंदा करायला टपलेला आहे. विनीने पाणी प्यावं की नाही, हा पुस्तकाचा प्रश्न. प्रास्ताविक, २५ प्रकरणं आणि उपसंहार, एवढाच पसारा.

शिकवताना सगळ्यात मोठी चूक होते ती प्रत्येक प्रकरणावर दहा-दहा प्रश्न काढण्याची. मग मुलं उत्तरं हुडकण्यापुरतं वाचतात आणि गोष्ट निसटते. या पुस्तकात तीन-चार ठिकाणीच मुक्काम करावा. बाकीचं अंतर भराभर कापावं, अर्धं वर्गात मोठ्याने वाचून, अर्धं मुलांनी आपापलं.

पुस्तक हातात देण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची. ‘कधीच मरणार नाही असं पाणी मिळालं तर पिशील का? का?’ दोन-तीन ओळी लिहायच्या, नाव घालायचं, चिठ्ठ्या पाकिटात बंद. त्यावर चर्चा अजिबात करायची नाही. बहुतेक मुलं ‘हो’ लिहितात आणि कारणं साधी असतात: सगळे व्हिडिओ गेम खेळता येतील, आजीला पण पाजीन. ही पाकिटं पाच आठवड्यांनी लागणार आहेत, म्हणून ती कपाटात जपून ठेवायची.

खरी पहिली अडचण सुरुवातीलाच येते. पहिल्या प्रकरणात रस्त्याचं वर्णन आहे, गाईंच्या कळपाने चालून चालून पडलेल्या वाटेचं. मोठ्यांना ते सुंदर वाटतं, पण दहा वर्षांच्या मुलाला कळत नाही की गोष्ट सुरू कधी होणार. हे प्रकरण घरी वाचायला दिलं तर दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग हरवलेला असतो. म्हणून प्रास्ताविक आणि पहिली चार प्रकरणं शिक्षकाने दोन दिवसांत स्वतः वाचून दाखवायची. प्रास्ताविकात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याला जत्रेतल्या मोठ्या पाळण्याच्या सगळ्यात वरच्या, क्षणभर थांबलेल्या खुर्चीची उपमा दिली आहे. तिथे एकच काम सांगायचं: पुस्तकात पुढे कुठेही चाक दिसलं की चिकट चिठ्ठी लावा. पुस्तकं शाळेची असतात, त्यांत पेन्सिलीने खुणा करता येत नाहीत. चिठ्ठ्यांना मर्यादा हवी, एका प्रकरणाला तीन. मर्यादा नसली की पुस्तकाला पिसं फुटतात आणि कशालाच महत्त्व उरत नाही.

पहिला मुक्काम सातव्या प्रकरणावर. टक मंडळी विनीला आपली कहाणी सांगतात. धाकटा मुलगा, सतरा वर्षांचा जेसी झाडावरून डोक्यावर पडला, घोड्याला शिकाऱ्याची गोळी लागली, बापाला साप चावला, आणि कोणालाच काही झालं नाही. इथे मुलांकडून तीन रकान्यांचा तक्ता करून घ्यायचा: कोण, पाणी प्यायलं का, पुढे काय झालं. तक्त्यात मांजर येतंच. ते पाणी प्यायलं नव्हतं आणि म्हातारं होऊन मेलं. विज्ञानाच्या प्रयोगात तुलनेसाठी एक रोप बिनखताचं ठेवतात, तेच काम लेखिकेने या मांजराकडून करून घेतलं आहे. ‘झऱ्यामुळेच हे झालं कशावरून?’ एवढंच विचारून शिक्षकाने गप्प बसावं. कोणीतरी मांजराची ओळ शोधतं, मग झाडावर कोरलेलं, बऱ्याच वर्षांनीही ताजं राहिलेलं ‘टी’ अक्षर सापडतं. मजकुरातल्या आधारावरून अनुमान काढणं हे पाचवीच्या मानकांतलं कलम या एका तासात जेवढं पक्कं होतं, तेवढं दहा वर्कशीटांनी होत नाही. गणितही लगेच करून घ्यावं: सतरा अधिक ८७, म्हणजे जेसी १०४ वर्षांचा. हा आकडा फळ्यावर आला की वर्ग पहिल्यांदा गप्प होतो.

भारतातून नुकत्याच आलेल्या मुलांचा एक वेगळाच घोळ होतो. टक कुटुंब बोलतं ती खेडवळ इंग्रजी: ‘इझन्ट’च्या जागी ‘एन्ट’, ‘डझन्ट’च्या जागी ‘डोन्ट’. व्याकरण घोटून आलेल्या मुलाला वाटतं की पुस्तकातच चुका आहेत, नाहीतर आपलं तरी चुकतंय. त्याला सांगावं की मराठी गोष्टीत एखादा माणूस मालवणी किंवा वऱ्हाडी बोलतो, तसंच हे. मग तेच मूल टकच्या तोंडची आणि पिवळ्या सुटातल्या माणसाची वाक्यं समोरासमोर ठेवून पाहतं. मंजूळ, शुद्ध भाषा बोलणारा माणूस लबाड आणि ‘चुकीचं’ बोलणारी माणसं सरळ, हे त्याच्या लक्षात येतं. शब्दार्थांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. आठवड्याला पाचच शब्द, आणि जे परत परत येतात तेच. वीस शब्दांची यादी दिली की शुक्रवारी पाठ आणि सोमवारी साफ.

दुसरा मुक्काम बाराव्या प्रकरणावर, आणि इथे पूर्ण दोन तास द्यायचे. संध्याकाळी बाप टक विनीला होडीतून तळ्यावर नेतो. पाण्याची वाफ होते, ढग होतात, पाऊस पडतो, ओढे समुद्राला मिळतात, हे सगळं एक चाक आहे आणि आम्ही त्यावरून पडलो, असं तो तिला समजावतो. तेवढ्यात होडी पडलेल्या झाडाच्या फांद्यांत अडकलेली असते आणि पाणी मात्र तिच्या बाजूने वाहत राहतं. जलचक्र मुलांना आधीच माहीत असतं, त्यामुळे नुसतं समजावलं तर ‘हे आम्हाला येतं’ म्हणून सुटतात. म्हणून कागदी ताटली घ्यायची आणि तिच्या काठाने ऊन, वाफ, ढग, पाऊस, ओढा, समुद्र असं क्रमाने काढायचं. मग प्रत्येकाला एक कपड्याचा चिमटा देऊन म्हणायचं, हे टक कुटुंब, आता लावा जागेवर. बरीच मुलं तो ताटलीच्या मधोमध लावतात. ‘पुस्तकात पाहा’ म्हटलं की पानं उलटतात आणि चिमटा बाहेर, बाकावर येतो. एखादं मूल तो समुद्र आणि वाफ यांच्या मध्ये अडकवून म्हणतं, होडी अडकली तशी. दोन्ही उत्तरं पान क्रमांकासकट मांडता येत असतील तर दोन्ही मान्य करावीत.

मराठी घरातलं मूल असेल तर या आठवड्यात पालकांनी अश्वत्थाम्याची गोष्ट जरूर सांगावी. पत्रिकेवर मुलाच्या नावाआधी आपण मायेने ‘चि.’ लिहितो, आणि सात चिरंजीवांत पहिलं नाव येतं ते कपाळावरच्या भळभळत्या जखमेला दारोदार तेल मागत फिरणाऱ्याचं. टकच्या होडीतलं बोलणं त्या मुलाला वर्गात सगळ्यांआधी समजतं.

चौदाव्या प्रकरणात जेसी विनीला म्हणतो, सतरा वर्षांची झालीस की पाणी पी, मग लग्न करू. वर्गात खिदळणं होणारच. त्यात २००२ सालच्या चित्रपटात विनी पंधरा वर्षांची केली आहे, त्यामुळे तो आधी पाहिलेली मुलं सगळ्या पुस्तकाला प्रेमकथा समजून बसतात. चित्रपट दाखवायचाच तर शेवटी, आणि ‘वय का बदललं असेल?’ या प्रश्नासकट.

एकोणिसाव्या प्रकरणात जेसीची आई मे टक बंदुकीच्या दस्त्याने त्या पिवळ्या सुटातल्या माणसाच्या डोक्यात घालते. पुढे फाशीची भाषा येते. पुस्तक सुरू करण्याच्या आठवडाभर आधी पालकांना पत्र जायला हवं, त्यात मृत्यू हा विषय आहे हे स्पष्ट लिहायचं. अलीकडेच घरात कोणी गेलेलं मूल वर्गात असेल तर शाळेच्या समुपदेशकाला आधी कळवायचं. हे राहून गेलं की नेमकं तळ्याच्या प्रकरणाला एखादं मूल ढसाढसा रडतं आणि शिक्षकाची तयारी नसते.

तिसरा मुक्काम याच घटनेवर, गोलात बसून. चोवीस मुलं असतील तर बारा आतल्या गोलात बोलतात, बारा बाहेर बसून टिपणं काढतात, पंधरा मिनिटांनी अदलाबदल. प्रश्न एकच: मे ने केलं तो गुन्हा की रक्षण? दरवेळी तीन-चार मुलंच बोलत राहतात, म्हणून प्रत्येकाला दोन चकत्या द्यायच्या. बोलायचं तर एक मध्ये टाकायची, संपल्या की ऐकायचं. मताआधी पान क्रमांक सांगायचा. शिक्षकाने तोंड उघडायचं नाही, आणि सगळ्यात अवघड तेच. शिक्षकाने मान डोलावली तरी मुलं त्या बाजूला झुकतात.

उपसंहाराची पानं पहिल्याच दिवशी मोठ्या क्लिपने बंद करून ठेवावीत. कोणी चोरून वाचलंच तर रागवायचं नाही, गुपित राखायला सांगायचं. शेवटच्या दिवशी ती शिक्षकाने हळू वाचावीत. १९५० साल, बदललेलं गाव, आणि विनीच्या थडग्यावरची वर्षं: १८७० ते १९४८. वजाबाकी मुलं मनातच करतात, सांगावी लागत नाही. त्यानंतर रस्त्यावर बसलेला तो बेडूक, ज्याच्यावर विनीने झऱ्याचं पाणी ओतलं होतं. त्या दिवशी एकही प्रश्न विचारायचा नाही, घंटा होईपर्यंत ज्याला जे बोलायचं ते बोलू द्यायचं.

दुसऱ्या दिवशी पाकिटं उघडायची. जुन्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला वेगळ्या शाईने पुन्हा तेच उत्तर लिहायचं, आणि त्यावरून एक परिच्छेद: मत, पुस्तकातले दोन आधार पान क्रमांकासह, आणि त्या आधारांवरून हे मत कसं निघतं ते. तिसरा भाग मुलं हमखास गाळतात, अवतरण चिकटवून मोकळी होतात. म्हणून कच्च्या लिखाणात तेवढाच भाग तपासून परत द्यावा. उत्तर ‘हो’चं ‘नाही’ झालं की ‘हो’च राहिलं, यावर एकही गुण नसतो.