तुम्ही विचारलंत म्हणून: कॅश ऑन डिलिव्हरी का नाही?

"ताई, सगळीकडे कॅश ऑन डिलिव्हरी असते, तुमच्याकडेच का नाही? आमच्यावर विश्वास नाही का?"

आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. आजवर मी "ती सोय नाही" एवढंच लिहून मोकळी होत आले. पण विचारणाऱ्यांत हल्ली माझ्यासारखेच घरून धंदा करणारे बरेच असतात. कोणी मसाले विकतं, कोणी पापड, कोणी नेवऱ्या, म्हणजे करंज्या. त्यांना तोडून बोलल्यासारखं होतं, म्हणून एकदा सगळं सांगते.

विश्वासाचंच विचारलंत तर, हो, तो थोडा कमी झाला आहे. तो कसा कमी झाला ते ऐका.

आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, गोव्यात फोंड्याजवळ. सोलं (कोकमाची सुकवलेली सालं) आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) सासूबाई तीस वर्षं करत आल्या, मी ते ऑनलाइन नेलं. भिंडां, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मेमध्ये. सालं मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची, असं पाच-सहा वेळा. पहिला पाऊस पडायच्या आत जेवढी सुकली तेवढीच वर्षभराची. परत आलेला टी-शर्ट झटकून दुसऱ्याला पाठवता येतो. माझी फुटलेली बाटली पुढच्या मे महिन्यापर्यंत भरून निघत नाही.

तीन वर्षांपूर्वी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, महिना उरला असताना मी सोलं उलटतानाचा एक व्हिडिओ टाकला. तो बरा चालला, म्हणून 4,000 रुपये घालून तो बूस्ट केला, म्हणजे जाहिरात म्हणून जास्त लोकांना दाखवला, वर 18 टक्के जीएसटी. अर्धा लिटर आगळ आणि पाव किलो सोलं, घरपोच 390 रुपये. दीर म्हणाला, "वहिनी, कॅश ऑन डिलिव्हरी ठेव, नाहीतर लोक पुढे सरकतात." ते खरंच होतं. अकरा दिवसांत 163 ऑर्डरी आल्या, त्यातल्या 118 कॅश ऑन डिलिव्हरीच्या. त्या रात्री आम्ही दोघं हिशेब मांडत बसलो होतो आणि मला वाटत होतं, आता दोन बायका कायमच्या कामाला ठेवता येतील.

पॅकिंगला आम्ही तिघी. पावसाळी दिवस, पुठ्ठ्याचे खोके हातातच मऊ पडत होते. शेवटचं पार्सल निघेपर्यंत नववा दिवस उजाडला. कुरियरचं पहिलं बिल आलं तेव्हा कळलं की वजन मी काट्यावर केलं होतं, त्यांनी खोक्याच्या मापावर. बहुतेक कुरियरवाले लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5,000 ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असला तर तोच धरतात. माझा खोका 30 बाय 20 बाय 15 चा, म्हणजे 1.8 किलो, म्हणजे 2 किलोचा दर. आतला माल 950 ग्रॅमचा. मी 90 रुपये धरले होते, लागले 140. प्रत्येक पार्सलमागे 50 रुपये मी खिशातून घातले, आणि तोवर एकही पार्सल परत आलं नव्हतं.

मग ती परत यायला लागली.

चवथ होऊन गेली होती, गणपतीवर फळं-पानं टांगतो ती माटोळी अजून उतरवलेली नव्हती. कुरियरचा मुलगा भिजत आला आणि पडवीत दोन गोणी टाकून गेला. गोणीच्या तळातून गुलाबी पाणी झिरपत होतं. आगळाचा रंग ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, फरशीवर पडला तर आठवडाभर जात नाही. मी गोणी उघडली. वरचे चार खोके कोरडे होते, खालचे सगळे एकमेकांना चिकटलेले. लेबलांवरची नावं पुसटली होती. एका खोक्यात सोलांना पांढरी बुरशी धरली होती, हात लावला तर चिकट, आणि मिठाच्या वासाखाली कुबट वास. सासूबाई येऊन पाटावर बसल्या आणि काही न बोलता निवडायला लागल्या. चांगलं एका बाजूला, वाईट दुसऱ्या. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाल्या, "तांकां नाका जाल्यार मागयलें कित्याक?" त्यांना नको होतं तर मागवलं कशाला?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती सोलं त्यांनी उन्हात वाकून उलटली होती, कंबर धरली असताना.

पुढच्या पंधरा दिवसांत मिळून कॅश ऑन डिलिव्हरीची 47 परत आली. जायचे 140, परतीचे 120. म्हणजे 12,220 रुपये नुसतं वाहतुकीचं भाडं, ज्यातून कोणाच्या ताटात काही पडलं नाही. हे पैसे कुरियरने माझ्याकडे मागितलेसुद्धा नाहीत, पोचलेल्या मालाच्या जमेतून परस्पर वळते केले. ती जमाही डिलिव्हरीनंतर आठ-दहा दिवसांनी मिळायची, आणि बाटल्यांचा दुकानदार व कामाला आलेल्या दोघी चवथीपूर्वी पैसे मागत होत्या. आधी पैसे भरलेल्या 45 जणांपैकी परत आलं एकच पार्सल. पिनकोड चुकला होता.

इथपर्यंत सांगितलं की लोक म्हणतात, बघा, गिऱ्हाइकं बेजबाबदार. पण मी परत आलेल्यांपैकी बहुतेकांना फोन केले. काही जण खरंच विसरले होते. तिघांनी सांगितलं की कुरियरवाला आलाच नाही, आणि इकडे "ग्राहकाने नाकारलं" अशी नोंद. पुण्याच्या एका बाईंनी शांतपणे सांगितलं, "तुमचं दोन आठवडे आलं नाही, चवथ झाली, मग मी बाजारातून घेतलं." त्यांचं काय चुकलं? नऊ दिवस मी लावले होते. पॅक करायची ताकद रोज वीसची आणि जाहिरात चालू ठेवली. बूस्ट बंद करायला एक बटण दाबायचं असतं, ते मी दाबलं नाही, कारण आकडा वाढताना बघायला बरं वाटत होतं.

आणि पोचलेली 71 पार्सलं? ती कॅश ऑन डिलिव्हरीमुळेच गेली. त्यातली निम्मी माणसं आधी पैसे भरा म्हटलं असतं तर आली नसती. त्यांतले काही आजही दर वर्षी मागवतात. म्हणून ती पद्धत सरसकट वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या मालाला, माझ्या ताकदीला ती पेलली नाही.

आता काय करते ते विचारत असाल तर: खोका 24 बाय 16 बाय 12 चा करून घेतला, एक किलोच्या आत बसतो. बाटलीच्या झाकणाला सील, वर पिशवी, आणि बाटली उलटी करून रात्रभर ठेवून बघायची. व्हिडिओ टाकण्याआधी बाटल्या मोजायच्या. आणि जाहिरातीपेक्षा व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट. तिच्यात 256 च माणसं बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये नंबर सेव्ह करायची चिठ्ठी घालते. पैसे आधी, यूपीआयने.

तरी एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. सासूबाईंचा सगळा धंदा उधारीवर चालला. फोंड्याचा दुकानदार मे महिन्यात माल न्यायचा आणि चवथीला पैसे द्यायचा, कधी दिवाळीला. बुडवलं कोणी नाही. मग मी कुठली शिस्त आणली? आधीची मी म्हणते, तो दुकानदार ओळखीचा होता, पत्ता ठाऊक होता. आताची मी विचारते, पहिल्यांदा माल दिला तेव्हा तो तरी कुठे ओळखीचा होता?

बेळगावच्या एक आजी आहेत. यूपीआय नाही, मुलाला सांगायचं नाही. त्यांना मी पैशांशिवाय पाठवते. त्यांचा भाचा मंगेशीला देवदर्शनाला आला की आमच्याकडे येऊन पैसे देऊन जातो, कधी तीन महिन्यांनी. वहीत त्यांचं पान वेगळं आहे. हा नियम मोडणं झालं हे मला कळतं. दुसऱ्या कोणाला का नाही, असं कोणी विचारलं तर पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही.

यंदाच्या साठ बाटल्या शिल्लक आहेत. हव्या असतील तर आधी पैसे पाठवा, दुसऱ्या दिवशी पार्सल निघेल. ज्यांना ते जमत नाही त्यांनी मेसेज न करता फोन करा, संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते.