उजवा दिवा

"कॅप्टनची चूक" हा निकाल आमच्या हँगरमध्ये दुपारपर्यंत लागूनही गेला होता. उतरल्यावर धावपट्टीवरून घसरलेलं विमान तेव्हा डावीकडे चिखलातच होतं. डावा गिअर, म्हणजे चाकांचा पाय, मोडलेला, डाव्या प्रोपेलरची पाती मुळापाशी तुटून तंतू बाहेर आलेले. प्रवासी सगळे आपापल्या पायांनी उतरले, हे आधी सांगतो.

उजवा प्रोपेलर धड होता. एक वरिष्ठ त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पाती बघा, फेदरला गेलीत." अहो, इंजिन बंद पडून तेलाचा दाब गेला की काउंटरवेट, म्हणजे पात्यांना जोडलेली वजनं, त्यांना फेदरलाच नेतात, हवेला धार दाखवणाऱ्या कोनात. उतरतानाचा कोन त्यावरून कळत नाही. एवढं ठाऊक नसलेल्यानं तिथं मत देऊ नये.

टर्बोप्रॉपचा, म्हणजे टर्बाइन इंजिनानं प्रोपेलर फिरवणाऱ्या विमानाचा, वेग तोडण्यात पात्यांचा मोठा वाटा असतो. चाकं टेकली, लिव्हर मागे घेतले की पाती सपाट होतात आणि हवा अडवतात. पण हवेत असताना त्यांना रोखून धरणारा स्टॉप आधी सोलेनॉइडनं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यानं, बाजूला व्हावा लागतो. तो झाला, पाती आली, की हिरवा 'लो पिच' दिवा लागतो. दोन्ही दिवे लागले तरच रिव्हर्स, म्हणजे मागे खेचणारा जोर, घ्यायचा. त्या दिवशी डावा लागला, उजवा लागला नाही. को-पायलट सवयीनं "लो पिच", म्हणजे दोन्ही दिवे लागले, असं म्हणाला आणि कॅप्टननं रिव्हर्स घेतला. डावा प्रोपेलर मागे खेचतोय, उजवा नाही. त्या वेगात विमान कोण आवरणार?

हे विमानातल्या फ्लाइट रेकॉर्डरमधून कळलं. मला छळतं ते लॉगबुक. उजवा दिवा उशिरा लागल्याची वैमानिकांची नोंद त्यात दोनदा आहे, आणि दोन्ही वेळा खाली उत्तर: 'जमिनीवर तपासलं, ठीक.' जागेवर उभ्या विमानात, धक्का नसताना, अधूनमधून तुटणारा संपर्क सापडेल कसा? सोलेनॉइडचा कनेक्टर मी उघडला. भिंगाखाली एका पिनेच्या मुळाशी हिरवट गंज दिसला. केबल जरा वाकवली की मीटरवर संपर्क तुटायचा.

9 सप्टेंबर 2007 ला डेन्मार्कमध्ये आल्बोर्गला डॅश 8 क्यू400 या टर्बोप्रॉप विमानाचा उजवा गिअर उतरताना कोसळला, तोही गंजामुळेच. गिअर वर घेणाऱ्या ॲक्च्युएटरच्या, म्हणजे दट्ट्याच्या, दांड्याच्या टोकाच्या आट्यांत तो लपला होता. तीन दिवसांनी लिथुआनियात व्हिल्नियसला त्याच जातीच्या विमानाचं तेच झालं.

आमच्या अहवालाच्या मसुद्यात वैमानिकांचं प्रशिक्षण पहिलं आहे, कनेक्टर 'इतर घटकां'त. मी लेखी हरकत घेतली आहे, लॉगबुकची दोन्ही पानं जोडून.