बोरन्हाण, मांडव आणि ‘स’ यादी

पुण्यातल्या दांडेकर पुलाजवळच्या आमच्या महिला मंडळाचं संमेलन संक्रांत ते रथसप्तमीच्या मधल्या एखाद्या रविवारी असायचं. बायकांचं हळदीकुंकू आणि बालवाडीतल्या पोरांचं बोरन्हाण, दोन्ही एकाच मांडवात. आपल्याकडे बोरन्हाण घरोघरी होतं, पण दहा बाय बाराच्या खोलीत कुणाला बोलावणार? म्हणून सगळ्या वस्तीच्या पोरांचं एकदमच.

आधीचा आठवडा हलव्याच्या दागिन्यांचा. बायका चार घरची कामं उरकून दुपारी समाजमंदिरात जमायच्या. हलव्याचा दाणा सुईने ओवायला गेलं की फुटतो, म्हणून प्रत्येक दाण्याला दोऱ्याची गाठ मारायची. गाठ सैल बसली तर दाणा निसटतो, आवळली तर काटा मोडतो. हे काम एका मावशींच्या हाताला असं बसलं होतं, की गप्पा मारता मारता त्यांचा हार तयार व्हायचा आणि आमची नुसती बोटं चिकट. मुकुटाला पुठ्ठा आणि सोनेरी कागद. एवढं करून फोटोची वेळ येईपर्यंत निम्म्या पोरांनी आपापले हार चाटून ओले केलेले असत!

मग लूट. बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, गोळ्या. डोक्यावरून माप ओतलं की काळी झबली आणि काळे फ्रॉक सतरंजीवर तुटून पडायचे. त्यात दोन-चार आज्याही असायच्या, पण ते कुणी बोलायचं नाही.

मांडव, खुर्च्या आणि माईक ‘स’ यादीतून यायचे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांना जी तरतूद असते, ती ही यादी. पुण्यात जागोजागी नगरसेवकांची नावं रंगवलेली बाकडी दिसतात, त्यांतली बरीचशी याच कृपेने. बालवाडीच्या ताईंचं मानधन मात्र वेगळ्या खात्यातून. रक्कम अशी, की सांगायला लाज वाटावी. पण यायची.

पुढे ती उशिरा यायला लागली, मग कमी झाली. एका वर्षी ‘तरतूद शिल्लक नाही’ असा शेरा मारून कागद परत आला. कारणं काही आमच्या वस्तीत घडलेली नव्हती. १ एप्रिल २०१३ ला पुण्यातली जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यांचा तोही माफ झाला. जुलै २०१७ ला जीएसटी आला. नाक्यावर रोज जमणारी रोकड संपली आणि राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावणं आलं. जमेची बाजू फुगवून धरलेली असली, की वर्षाच्या मध्याला कात्री काढावीच लागते. पण वर्कऑर्डर निघालेल्या रस्त्याला हात लावला तर ठेकेदार दारात येऊन बसतो. ताईंच्या मानधनामागे ठेकेदार नसतो. त्यामुळे कात्री कुठे चालते, ते मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

२७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी शिरलं. संसार चिखलात गेले. त्या रात्री मोठी पातेली कुणाकडे, शेगडी कुणाकडे, कुठल्या घरात बाळंतीण आहे, हे आमच्या बायकांना तोंडपाठ होतं. संमेलनाची यादी दरवर्षी त्याच करत होत्या ना! पुढच्या जानेवारीत संमेलन झालं, तेव्हा मांडव नव्हता. साड्यांचं छत बांधलं. हलवा विकतचा आणला, कारण गाठी मारणाऱ्या मावशींचं घर अजून वाळत होतं.

नंतर कोरोना आला. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, आणि ज्याच्या दारात जाऊन निदान भांडता यायचं ते दारही राहिलं नाही. समाजमंदिराचं भाडं आम्ही बचत गटातून भरलं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या यायच्या, त्या गेल्या आणि घरच्या गोडा मसाल्याच्या पुड्या आल्या. खरं सांगते, मसाला वाट्यांपेक्षा बरा. पण बालवाडी आता चारच दिवस भरते. ताई उरलेल्या दिवशी एका सोसायटीत स्वयंपाकाला जातात.

यंदा पुन्हा अर्ज केला. काय मागायचं यावर बायकांत बराच वाद झाला. कुणी म्हणालं, बाकडी मागू, ती लगेच मिळतात. मावशी भडकल्या. “बाकडी काय पोरांना बाराखडी शिकवणारेत? ताईंचा पगार लिहा आधी!”

तेवढंच लिहिलंय. सध्या आवक-क्रमांक मिळालाय.