सेशन कुकी सुरक्षित करताना: पीएचपी साइटवरचा माझा अनुभव

जुनी पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामिंग भाषा) साइट हातात आली की मी आधी एक चाचणी घेतो. फायरफॉक्समध्ये लॉगिन करतो, डेव्हलपर टूल्समधून सेशन कुकीची (लॉगिन झालेला युजर ओळखायला सर्व्हरने ब्राउझरला दिलेली खूण) व्हॅल्यू कॉपी करतो आणि क्रोममध्ये त्याच नावाने टाकून पान रिफ्रेश करतो. पासवर्ड न मागता खातं उघडतं. ते अपेक्षितच आहे, सर्व्हर फक्त ती व्हॅल्यू ओळखतो. खरी परीक्षा पुढे असते. फायरफॉक्समधून लॉगआउट केल्यावर क्रोममधलं खातं बंद झालं का? ते चालूच राहिलं, तर लॉगआउटने ब्राउझरमधली कुकी पुसली, पण सर्व्हरवरचं सेशन मोडलंच नाही असं समजायचं.

मग कुकीची सेटिंग. 'सिक्युअर' लावलं की कुकी फक्त एचटीटीपीएसवरून, म्हणजे एन्क्रिप्टेड कनेक्शनवरूनच जाते. 2010 मध्ये फायरफॉक्सच्या फायरशीप एक्स्टेंशनने उघड्या वायफायवर दुसऱ्यांची खाती सहज उघडून दाखवली, कारण तेव्हा बऱ्याच साइट फक्त लॉगिनपुरतं एन्क्रिप्शन वापरत. 'एचटीटीपी-ओन्ली'मुळे जावास्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही. पण पानात घुसलेली स्क्रिप्ट युजरच्याच ब्राउझरमधून रिक्वेस्ट पाठवू शकते, म्हणून युजरने दिलेला मजकूर पानावर दाखवताना एस्केप करणं (तो कोड म्हणून चालू नये असं बदलणं) सुटत नाही. पीएचपीचा सेशन स्ट्रिक्ट मोड (सर्व्हरने स्वतः न बनवलेला आयडी नाकारणारा) चालू करायचा आणि लॉगिन होताक्षणी सेशन आयडी, म्हणजे कुकीतली व्हॅल्यू, बदलायचा, नाहीतर हल्लेखोराने आधीच चिकटवलेला आयडी लॉगिननंतरही चालतो.

सगळ्यात जास्त वेळ 'सेमसाइट' खातं. दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत कुकी पाठवायची का, ते हे सेटिंग ठरवतं. ते 'लॅक्स' ठेवलं आणि पेमेंट गेटवे युजरला पोस्टने (फॉर्म सबमिट होतो तशा रिक्वेस्टने) परत पाठवत असेल, तर त्या रिक्वेस्टसोबत कुकी येत नाही. कोड नवं सेशन सुरू करतो, नवी कुकी जुनीवर बसते आणि पैसे भरलेला माणूस लॉगआउट झालेला दिसतो. अशा वेळी सेमसाइट 'नन' करून, म्हणजे ही अडवणूकच काढून, मोकळं होऊ नये. परतीच्या पत्त्यावर सेशन सुरूच करायचं नाही. गेटवेची डिजिटल सही तपासायची, ऑर्डर नोंदवायची आणि 303 रिडायरेक्टने पावतीच्या पानावर पाठवायचं. ती रिक्वेस्ट गेट (लिंक उघडल्यासारखी साधी) असल्याने लॅक्स कुकी सोबत येते.

कॉम्प्युटरमधल्या मालवेअरने कुकी उचलली तर यातलं काहीच आडवं येत नाही, ओटीपीसुद्धा नाही, कारण तो टप्पा आधीच पार पडलेला असतो. म्हणून ईमेल किंवा बँक तपशील बदलताना मी पासवर्ड पुन्हा मागतो. सेशन फाइलऐवजी डेटाबेसमध्ये, युजर आयडीसकट ठेवतो. पासवर्ड बदलला की त्या युजरची बाकी सगळी सेशन एका क्वेरीत उडवता येतात.