अर्धा कोयता

मंगळवार, रात्री साडेदहा

कोजागरी होऊन तीन दिवस झाले. सोयाबीन निघालंय. गावात शिरलं की ओट्यांवर पोती दिसतात आणि पोत्यांशेजारी पत्र्याच्या पेट्या, झाकणं उघडून उन्हाला ठेवलेल्या. पेटी बाहेर आली म्हणजे घर उसतोडीला निघायच्या तयारीला लागलं. बीड-नगरच्या सीमेवरच्या बत्तीस गावांत मी आमच्या संस्थेच्या दिव्यांग कार्यक्रमाची व्यवस्थापक म्हणून काम करते, यंदा सहावं वर्ष. दर वर्षी या पेट्या दिसायला लागल्या की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या यादीतली कितीतरी घरं पुढचे पाच-सहा महिने यादीतल्या पत्त्यावर नसतात.

आज दादूकडे गेले. नाव बदलून लिहितेय. वय नऊ. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेली इजा; दोन्ही हात-पाय ताठ, मान थोडीफार सावरतो, बोलणं नाही. हसतो मात्र असा की दारात उभं राहवत नाही, आत जाऊन जवळ बसावंच लागतं. मागच्या वर्षी आमच्या शिबिरात त्याला व्हीलचेअर मिळाली होती. ती कुठं आहे म्हणून विचारलं तर आजी गप्प झाल्या. आमचे क्षेत्र समन्वयक भाऊ यांनी हळूच कोपऱ्याकडे बोट दाखवलं. खुर्चीवर सोयाबीनची दोन पोती होती.

"जमिनीला ओल लई हाय बाई," आजी म्हणाल्या. "खाली ठिवलं की बुरशी धरती. लेकरू काय त्याच्यात बसत न्हाई, घसरतंय. मग म्हनलं..." आणि त्या घाईघाईनं पोतं उतरवायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी लाजावं असं त्यात काहीच नव्हतं. टेप काढून सीट मोजली, अठरा इंच. दादूच्या कंबरेची रुंदी मोजली, दहा इंच. एवढ्या रुंद सीटमध्ये बसवलं की तो एका कुशीवर कलंडणार आणि रोज कलंडत राहिला तर पाठीचा कणा वाकणार. घरच्यांनी त्याला त्यात बसवलं नाही ते बरंच केलं. मोठ्या माणसाची खुर्ची या लेकराला दिली ती माझ्या कार्यक्रमानं. गेल्या वार्षिक अहवालातली 'व्हीलचेअर वाटप : ४१' ही ओळ मी स्वतः टाईप केली आहे. त्या एक्केचाळिसांत हा एक.

परतताना भाऊंशी यावर बराच वेळ बोलले. भाऊंना दीड वर्षाचे असताना पोलिओ झाला, डाव्या पायाला आधाराचा कॅलिपर आहे, बाजूला चाकं जोडलेली स्कूटर चालवतात आणि बत्तीस गावांतलं प्रत्येक घर त्यांना ठाऊक आहे. ते म्हणाले, "मॅडम, शिबिरात सामान अजून माझ्यासारख्यांचंच येतं. कुबड्या, कॅलिपर, तीनचाकी. लेकरं मात्र आता वेगळी आहेत." खरं आहे. देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला. आमच्या यादीत भाऊंच्या वयाची पोलिओची माणसं भरपूर आहेत, शाळेच्या वयाचं एकही मूल नाही. लहान मुलांच्या यादीत सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता हीच नावं येतात. जन्माची हकीकत विचारली की कितीतरी आया एकच वाक्य सांगतात, "जल्मला तवा रडलंच न्हाई." म्हणजे श्वास वेळेवर सुरूच झाला नाही. दादूची आईही तेच सांगते. तो उसाच्या फडावर जन्मला, पहाटे, कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीत. दवाखाना अठरा किलोमीटरवर होता.

पोत्यांचं लिहिण्यात जेवणाचं राहिलं. आजी त्याला मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून पातळ वरण-भात भरवत होत्या. दर तिसऱ्या घासाला ठसका, म्हणजे घास श्वासनलिकेत जात होता. छातीत घरघर. गेल्या हिवाळ्यात त्याला दोनदा न्यूमोनिया झाला होता आणि आम्ही तो 'आजारपण' या रकान्यात नोंदवला होता. मी फिजिओथेरपिस्ट नाही, पण आमच्या थेरपिस्टताईंना हे करताना इतक्यांदा पाहिलंय की हात आपोआप पुढे गेले. भिंतीला टेकून बसले, दादूला माझ्या दोन पायांच्या मध्ये, पाठ माझ्या छातीला लावून बसवलं, त्याचे गुडघे दुमडले, हनुवटी किंचित खाली. आजींना समोर, त्याच्या नजरेच्या खाली बसायला सांगितलं. वरण-भात बाजूला ठेवून भाकरी दुधात कुस्करली, चमच्यावरून ओघळणार नाही इतपत घट्ट. चमचा वरून नाही, समोरून. पहिला घास. गिळला. दुसरा. सातव्या घासापर्यंत ठसका नाही. त्याचा गळा वर-खाली होताना माझ्या दंडाला कळत होता.

"आगं बया, गिळतंय की," आजी म्हणाल्या, आणि मग बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. नऊ वर्षं त्याला भरवणारी बाई आहे ती. हे दाखवायला आम्हाला तीन वर्षं लागली.

तेवढ्यात दादूची आई रानातून आली. पाणी दिलं आणि उभ्यानंच म्हणाली, "मॅडम, औंदा म्या जानार. गेल्या साली तुमी म्हनले म्हनून थांबले."

उसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर मिळते, हिशोब त्या जोडीचा होतो. एकटा गेला तर तो अर्धा कोयता. एकानं तोडायचं आणि दुसऱ्यानं मोळी बांधायची, तिथं एकट्याच्यानं निम्मंही होत नाही. गेल्या वर्षी यांनी टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून जोडीची ऐंशी हजार उचल घेतली होती. मग मी त्या घरी दीड तास बसून आईला समजावलं की थेरपीत खंड पडू नये, लेकराजवळ आई हवी. ती थांबली. तो एकटा गेला. हंगाम संपला तेव्हा पस्तीस हजार अंगावर बाकी. ती बाकी धरून यंदाची उचल.

मी तिला जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्याचे पैसे कोण भरणार हे मात्र मी विचारलंही नव्हतं. अहवालात त्या भेटीपुढे 'पालक समुपदेशन : पूर्ण' असं आहे.

झोप येईल असं वाटत नाही.

बुधवार

रुग्णालयात दिव्यांगत्वाच्या तपासणीचा, बोर्डाचा दिवस. पहाटे साडेपाचला निघालो, आई, दादू, भाऊ आणि मी. चौसष्ट किलोमीटर.

आधारचं काम गेल्या महिन्यात एकदाचं झालं होतं, तेही चौथ्या खेपेला. दादूची मूठ उघडत नाही, उघडली तर बोटं यंत्रावर टेकत नाहीत, डोळे स्थिर राहत नाहीत. तीन वेळा "ठसे येत नाहीत, नंतर या" म्हणून परत पाठवलं. ज्यांना ठसे देता येत नाहीत त्यांची अपवाद म्हणून नोंद करायची सोय आधारमध्ये आहे. चौथ्या खेपेला भाऊ त्या नियमाचा छापील कागदच घेऊन गेले. आधारशिवाय यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज पुढे सरकत नाही आणि यूडीआयडीशिवाय बाकी काहीच सरकत नाही. संजय गांधी निराधार योजना, एसटीची ७५ टक्के सवलत, निरामयचा एक लाखाचा आरोग्य विमा, सगळ्याला आधी ते कार्ड.

हॉलमध्ये सकाळी नऊलाच दीडशे माणसं असतील. बाक चार. जो तो दुसऱ्याला विचारतो, "किती टक्के निघाले?" कायद्याच्या लाभांसाठी ४० टक्के ही रेघ आहे. ३८ निघाले तर ते घर सुन्न होऊन पायऱ्यांवर बसतं. ८० आणि वर असेल तर निळं कार्ड, त्याखाली ४० पर्यंत पिवळं. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, २०१६ च्या कायद्यानं एकवीस केले, म्हणजे आता थॅलेसेमिया, सिकलसेल, स्वमग्नता असलेलेही याच रांगेत उभे राहू शकतात. ही फार मोठी गोष्ट आहे आणि मी प्रत्येक प्रशिक्षणात ती मनापासून सांगते. रांग मात्र त्याच हॉलमध्ये आहे, आणि त्याला दोन पायऱ्या आहेत, रॅम्प मागच्या दारानं.

अकरा वाजता कळलं की एक डॉक्टर रजेवर आहेत, पुढच्या बुधवारी या. दादूच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचा आजचा रोज बुडालाच होता. मी आत गेले आणि आवाज न चढवता, पण जागचं न हलता सांगितलं की पुढच्या बुधवारनंतर हे घर गावात नसेल, पुढची भेट थेट एप्रिलमध्ये. तिथल्या एका वयस्क सिस्टरनी ते ऐकलं आणि वॉर्डातून दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. साडेचारला तपासणी झाली. त्या सिस्टरचं नाव विचारायचं राहिलं.

गाडीत दादू आईच्या खांद्यावर झोपला. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सासूबाईंच्या अंगात त्याला उचलायची ताकद न्हाई आता. सतरा किलोचं झालंय. घरी ठिवलं तर सहा महिने बाजंवर पडून ऱ्हाईल. तिथं निदान माझ्या डोळ्यासमोर ऱ्हाईल."

मी तिला समजवायला गेले नाही. खुर्ची ट्रॅक्टरमधून नेता येईल का, एवढंच विचारलं.

शनिवार

सुतारकाकांकडे सकाळपासून. पुठ्ठ्याच्या थरांची खुर्ची आम्ही बनवतो ती स्वस्त आणि छान असते, पण फडावरच्या ओलीत आठवडाभरही टिकणार नाही. म्हणून प्लायवूड. सीट अकरा इंच रुंद, थंडीच्या कपड्यांसकट मावेल अशी. पाठ डोक्यापर्यंत. पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात म्हणून मांड्यांच्या मध्ये लाकडी ठोकळा, त्यावर फोम आणि रेक्झिन. छातीला रुंद पट्टा. पुढे काढघाल करता येणारी फळी, तिला कड, म्हणजे वाटी पडणार नाही. पायपाटी. आणि काकांना मुद्दाम सांगितलं की चारही पाय बोल्टचे हवेत, सोडवून पेटीत घालता आले पाहिजेत. काका म्हणाले, "देवघराचं काम करतोय असं समजा." पैसे घेताना फक्त लाकडाचे घेतले.

दुपारी फोन होता. ३ डिसेंबरच्या, जागतिक दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमात यंदा किती वाटप दाखवता येईल? मी सहा म्हणाले. पलीकडे थोडी शांतता. गेल्या वर्षी एक्केचाळीस होते ना? मी सांगितलं की त्या एक्केचाळीसपैकी आजपर्यंत तेवीस घरी जाऊन पाहिल्यात आणि नऊच वापरात आहेत. बाकीच्या चौदांची यादी कारणांसकट पाठवते. उंबरा, गल्ली, माप, पंक्चर. एका ठिकाणी म्हातारा वारला आणि खुर्ची परत न्यायला कुणी आलंच नाही. उरलेल्या अठरा दिवाळीच्या आत बघायच्यात. बोलणं तिथंच थांबलं. काय ठरेल ते ठरेल, पण यादी संध्याकाळीच पाठवली.

मासिक अहवालाच्या फॉर्ममध्ये आज दोन रकाने वाढवले. 'गेल्या आठवड्यात किती दिवस वापर' आणि 'हंगामातला पत्ता'.

भाऊबीजेनंतरचा दिवस

पहाटे ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, अकरा कोयते, चुलीचे पत्रे, कोंबड्या, शेळ्या. खुर्चीचे पाय पेटीत, सीट वर उलटी बांधलेली. दोरीनं रेक्झिन घासू नये म्हणून आजींनी आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी मध्ये घातली होती. भरवायचं कसं ते त्यांनी सुनेला माझ्यासमोर पुन्हा एकदा करून दाखवलं, हनुवटीला बोट लावून. मला काही सांगावं लागलं नाही.

थेरपी थांबणार. जवळच्या आरोग्य केंद्राचा आणि कोल्हापूरकडच्या एका ओळखीच्या कार्यकर्तीचा नंबर आईच्या फोनमध्ये घातला आहे. ती महिन्यातून एकदा जाईन म्हणाली आहे. फडावरचा गारठा, धूर, रात्री-अपरात्री भरायला येणारी गाडी, सगळं मला माहीत आहे. ट्रॅक्टर गेल्यावर आजी ओट्यावर बसून राहिल्या, मीही बसले.

सोमवार, पंधरा दिवसांनी

दुपारी व्हिडिओ कॉल आला, रेंज जात-येत होती. कोपीच्या तोंडाशी खुर्ची, खुर्चीत दादू. ताठ बसलेला, फळीवर दोन्ही कोपरं टेकवून. समोर रस्ता, त्यावरून उसाच्या गाड्या, आणि प्रत्येक गाडीबरोबर त्याची मान वळत होती. आई म्हणाली, "गाडी आली की वरडतंय मॅडम. शेजारची पोरं याच्याभवती येऊन बसत्यात." आठवड्यात किती दिवस बसवता, विचारलं. "रोजच की. भाकरी खायाला आन् सांच्याला."

फोन खाली आला तसे पाय दिसले. पायपाटीपर्यंत पोचतच नव्हते. त्यांनी खाली वाढ्यांची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, एक पेंढी घट्ट बांधून ठेवली होती आणि पावलं तिच्यावर बरोब्बर सपाट टेकली होती. माप घेताना त्या दिवशी त्याच्या पायात जाड मोजे होते का, की मी टाच धरून मोजलंच नव्हतं, आठवत नाही. सुतारकाकांना सांगायचं आहे, पायपाटी दोन इंच वर, आणि यापुढे सगळ्यांच्याच खुर्च्यांना खाली-वर करता येईल अशी भोकं पाडा. बोल्ट कोल्हापूरच्या ताईंबरोबर पाठवायचे.