वारस, करपा आणि करार: अनुवादाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीभाषक देश शिकवताना

नाशिकमधल्या एका संस्थेत अनुवादाच्या पदविका अभ्यासक्रमाला ‘इंग्रजीभाषक देशांचा इतिहास आणि संस्कृती’ असा एक विषय आहे. तो शिकवणारे प्राध्यापक निवृत्त झाल्यावर तो माझ्याकडे आला. हाती आलेला आराखडा रोमन ब्रिटनपासून निघून राजघराण्यांच्या क्रमाने दुसऱ्या महायुद्धापर्यंत जात होता. अमेरिकेसाठी त्यात एक घटक होता आणि आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या सर्वांना मिळून आणखी एक. इतिहासाच्या पदवीसाठी असा आराखडा चालू शकेल. परंतु ज्यांना उद्या एखादी कादंबरी, न्यायालयाचा निकाल किंवा निर्यातीचा करार मराठीत आणायचा आहे, त्यांना ट्यूडर राजांची वंशावळ पाठ असून फारसा उपयोग होत नाही. त्या समाजात जमीन कोणाच्या नावावर होत असे, गरिबाला पोसण्याची जबाबदारी कोणाची होती, मताचा अधिकार कोणाला होता आणि कोणाला नाकारला गेला, हे त्यांना ठाऊक असावे लागते.

घटकांची नावे बदलायची तर अभ्यास मंडळाची मंजुरी लागते आणि ती वर्षाच्या मध्यात मिळत नाही. घटकाच्या आत कोणते वाचन द्यायचे आणि कोणत्या मुद्द्यावर किती तासिका घालवायच्या, याची मोकळीक मात्र शिक्षकाला असते. मी तेवढ्याच मोकळिकीचा उपयोग करायचे ठरवले. राजांची यादी एका पानावर छापून वाटून टाकली, ती परीक्षेपुरती वाचावी असे सांगितले आणि उरलेला वेळ दस्तऐवजांना दिला.

वर्ग संध्याकाळी भरत असे. जिल्हा न्यायालयात अनेक वर्षे काम केलेले एक ज्येष्ठ गृहस्थ, निफाड आणि दिंडोरीकडून येणारी द्राक्ष बागायतदारांच्या घरची मुले, नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये घरातल्या दोन पिढ्या नोकरीला असलेली एक विद्यार्थिनी आणि नुकतेच बी. ए. झालेले काही जण असा तो संमिश्र वर्ग होता. या मंडळींना इंग्लंडविषयी काही माहीत नाही असे समजून शिकवणे सोपे होते, पण ते खरे नव्हते. त्यांना बरेच माहीत होते, फक्त ते इंग्लंडशी जोडलेले नव्हते.

सर्वाधिक वेळ मी जमिनीला दिला आणि आजही तो योग्यच होता असे मला वाटते. आरंभ एका उताऱ्याने केला. एकोणिसाव्या शतकातील एका इंग्रज जमीनदाराच्या घरचा थोरला मुलगा वडिलांच्या पश्चात इस्टेट सांभाळतो आणि धाकटा निमूटपणे सैन्यात जातो, एवढाच त्याचा आशय होता. पहिल्या मसुद्यात बहुतेकांनी यात भावाभावांतले भांडण वाचले आणि क्रियापदांनाही तशी धार आली. मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडे जावी हा तिथला कायदा होता. शिवाय मोठी घराणी असे करार करून ठेवत, की ज्याच्या ताब्यात इस्टेट आहे त्यालाही ती सहजासहजी विकता येऊ नये. इस्टेट अखंड राहिली तरच घराण्याचे राजकीय वजन टिकत असे. धाकट्यांसाठी सैन्य, चर्च, वकिली किंवा ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी असे मार्ग उरत. कंपनीच्या चाकरीत आपल्याकडे आलेल्या कित्येक तरुणांच्या प्रवासामागे घरच्या जमिनीत वाटा नसणे हे साधे कारण होते. हे ऐकल्यावर निफाडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, म्हणजे धाकट्याचे नाव सातबाऱ्यावर लागायचेच नाही?” त्या प्रश्नानंतर मला या मुद्द्यावर फारसे बोलावे लागले नाही. मृत्युपत्र नसलेल्या जमिनीबाबतचा तो नियम इंग्लंडमध्ये १९२५च्या कायद्याने संपला, एवढी भर मी घातली.

त्याच धाग्यावरून स्त्रियांच्या मालमत्तेचा विषय निघाला. इंग्लंडमध्ये १८८२चा कायदा होईपर्यंत विवाहित स्त्रीच्या मालमत्तेवर आणि कमाईवर नवऱ्याची सत्ता मोठ्या प्रमाणात चालत असे. त्यामुळे त्या काळच्या कथानकांत श्रीमंत मुलीच्या लग्नाभोवती एवढी खलबते का चालतात, ते आपोआप कळते. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क १९९४मध्ये मिळाला आणि देशभर २००५मध्ये, हे सांगताच न्यायालयातील ज्येष्ठ विद्यार्थ्यांनी हक्कसोडपत्र कसे लिहून घेतले जाते, त्याची साद्यंत माहिती दिली. वर्गातल्या मुलींनी त्यावर जे ऐकवले, ते अभ्यासक्रमाबाहेरचे असले तरी मी थांबवले नाही. कायद्यातला वाटा आणि हातात पडलेला वाटा यांतले अंतर ज्याला कळते, तो दुसऱ्या समाजाच्या कायद्याकडेही भाबडेपणाने पाहत नाही. दुसऱ्या मसुद्यात धाकट्या भावाच्या वाक्यांतली कटुता बरीच निवळली होती.

आयर्लंडसाठी आराखड्यात जेमतेम एका तासिकेची सोय होती. १८४५पासूनचा दुष्काळ शिकवताना बटाट्यावरच्या करप्याचे वर्णन मी केले आणि दिंडोरीच्या मुलांनी ते मध्येच तोडून पुरे केले. द्राक्षावरचा डावणी आणि बटाट्यावरचा तो करपा हे एकाच गटातल्या बुरशीसदृश सूक्ष्मजीवांमुळे होणारे रोग आहेत. ढगाळ, दमट हवेत बाग डोळ्यांदेखत कशी जाते, हे या मुलांनी पाहिलेले होते. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये १८८५च्या सुमारास पुढे आले. आयरिश कुळांपाशी त्याआधी चाळीस वर्षे असे काहीच नव्हते. परंतु एवढ्यावर थांबले असते, तर दुष्काळ म्हणजे केवळ पिकाचा रोग असा समज झाला असता. गरीब कुळांचे पोट जवळपास बटाट्यावरच होते, जमिनीचे मालक बरेचदा इंग्लंडमध्ये राहत, खंड थकला की कुळाला घराबाहेर काढले जाई आणि त्याच वर्षांत आयर्लंडमधून धान्य बाहेरही जात होते. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. १८४१मध्ये ८० लाखांहून अधिक असलेली लोकसंख्या १८५१मध्ये ६५ लाखांच्या आसपास आली. अमेरिकेतील आयरिश वस्त्या आणि पुढची होमरूलची चळवळ हे सारे यातून वाचावे लागते. टिळकांचा होमरूल लीग प्रत्येकाने शाळेत शिकलेला होता, मात्र ते नाव आयर्लंडमधून आले याची कल्पना फार थोड्यांना होती. लीगची स्थापना बेळगावात एप्रिल १९१६मध्ये झाली आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव चालू होता, हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले तेव्हा वर्गात बराच वेळ चर्चा चालली.

पैशांचा घटक लवकर झाला. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पाउंड हे गणित, १९५७पर्यंत आणे-पैत हिशेब केलेल्या देशातल्या मुलांना आजी-आजोबांकडून विचारून घेता येते. प्रेसमधल्या घरच्या विद्यार्थिनीने ते काम आनंदाने केले. ब्रिटनने दशमान पद्धत आपल्यानंतर, १९७१मध्ये घेतली, याचे सगळ्यांना आश्चर्य वाटले.

अमेरिकेकडे मी जोतीराव फुल्यांच्या वाटेने गेले. १८७३च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना उद्देशून आहे. ती वाचून मग १८६१ ते १८६५चे यादवी युद्ध, त्यानंतरची घटनादुरुस्ती, गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी रेल्वेच्या वेगळ्या डब्यांना मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा १८९६चा निर्णय आणि शाळांतली विभागणी घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा निर्णय असा क्रम घेतला. काळाराम मंदिराचा १९३०चा सत्याग्रह आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून नाव घेतलेली १९७२ची दलित पँथर ही उदाहरणे विद्यार्थ्यांनीच आणली. इथे मात्र मला लगाम घालावा लागला. साम्य दिसताच दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मानण्याचा मोह अनुवादकाला होतो. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेद राज्यांच्या लेखी कायद्यांनी घट्ट केला होता, तर आपल्याकडील अस्पृश्यतेचा मुख्य आधार रूढी आणि धर्मग्रंथ हा होता. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या शब्दकळेत जसाच्या तसा ओतला, तर वाचकाला ओळखीचे वाटते, पण खरे कळत नाही. या मुद्द्यावर वर्गातले काही जण शेवटपर्यंत माझ्याशी सहमत झाले नाहीत.

ब्रिटिश राणी आणि न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी यांच्यातला वाइटांगी करार अनुवादाच्या वर्गात टाळणे शक्य नव्हते. ६ फेब्रुवारी १८४० रोजी सह्या सुरू झालेल्या या कराराचा माओरी मसुदा एका मिशनऱ्याने घाईने एका रात्रीत तयार केला. इंग्रजी मसुद्यात संपूर्ण सार्वभौमत्व ब्रिटिश राणीला दिलेले होते, माओरी मसुद्यात कारभार पाहण्याचा अधिकार. बहुतेक माओरी प्रमुखांनी सही केली ती माओरी मसुद्यावर. त्यातून उद्भवलेल्या दाव्यांसाठी १९७५मध्ये स्थापन झालेले न्यायाधिकरण अजूनही काम करते आहे. ऑस्ट्रेलियाला उरलेला वेळ अपुरा पडला. १७८८च्या वसाहतीपासून २००८मध्ये पंतप्रधानांनी संसदेत तिथल्या मूळ रहिवाशांची मागितलेल्या माफीपर्यंतचा पल्ला मी धावतच पार केला.

खरी अडचण परीक्षेची होती. आराखडा जुनाच असल्याने प्रश्नपत्रिकेचा साचाही जुना होता आणि बाह्य परीक्षकांना सनावळ्या अपेक्षित होत्या. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण माझ्या हातात असल्यामुळे तिथे मी एक अनोळखी उतारा दिला. तो अनुवादित करायचा आणि त्यासाठी कोणती ऐतिहासिक माहिती शोधावी लागली, ती मजकुरात घेतली की टिपेत आणि का, हे एका पानात लिहायचे, असे त्याचे स्वरूप होते. सनावळीत चांगले गुण मिळवणारे काही विद्यार्थी इथे मागे पडले आणि न्यायालयातील ज्येष्ठ गृहस्थ सर्वांच्या पुढे गेले. लेखी परीक्षेत त्यांनी राजांचा क्रम चुकवला होता, याचा त्यांना मुळीच खेद नव्हता.

अभ्यास मंडळाच्या बैठकीसाठी मी आता नवा आराखडा दिला आहे. त्यात रोमन ब्रिटन एका परिच्छेदावर आले आहे, आयर्लंडला स्वतंत्र घटक आहे, आणि कॅरिबियन बेटे व नायजेरिया यांना प्रथमच जागा मिळाली आहे. कॅनडासाठी १९६९चा राजभाषा कायदा आणि १९३४पासून चालत आलेला तिथला सरकारी अनुवाद विभाग यांवर भर आहे. त्याच्या जोडीला आपल्या राज्याच्या भाषा संचालनालयाचे काम ठेवावे, अशी सूचना मंडळातल्या एका सदस्यांनी केली आहे. ती मला पटली आहे, फक्त तिच्यासाठी कोणत्या घटकातून तासिका काढायच्या, याचा निर्णय अजून व्हायचा आहे.